रामधून : मूळ कोणते, मागाहूनचे कोणते?

दोन ऑक्टोबरला सकाळी आमच्या शाळेत 'रघुपती राघव' व्हायचेच. जुन्या नाशकातली नगरपालिकेची शाळा, वर्गातली निम्मी मुले आमच्या मोहल्ल्यातली. पेटी वाजवणारे गुरुजी सुरुवातीच्या ओळी स्वतः म्हणत. ईश्वर आणि अल्लाह ही दोन्ही नावे एकत्र येणारी ओळ आली की ते मान वर करून आमच्याकडे बघत, आणि आम्ही सगळे ती ओळ घसा फोडून म्हणत असू. एकदा घरी ती धून गुणगुणत होतो तेव्हा दादीने विचारले, "कुणाचं रे हे गाणं?" मी बिनदिक्कत सांगितले, "गांधीजींचं."

बरीच वर्षे मला तसेच वाटत होते. ज्यांच्या नावावर ही चाल सांगितली जाते ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आमच्याच गावात, गोदावरीच्या पलीकडे पंचवटीत, आश्रम करून राहिले होते, हे मला फार उशिरा कळले. त्याहून उशिरा कळले ते असे, की आम्ही जी ओळ सर्वांत मोठ्याने म्हणत होतो ती मूळ धुनेत नव्हतीच. म्हणजे आम्ही गात होतो ते मूळ गाणे नव्हते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते 'कव्हर व्हर्जन' होते.

एखादे जुने गाणे दुसऱ्याने गायले की वाद ठरलेला. मूळची सर नाही, असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, नव्या गायकाने त्यात जीव ओतला. कॅसेटच्या काळात रफीसाहेबांची, मुकेश यांची गाणी दुसऱ्या आवाजात स्वस्तात मिळू लागली तेव्हा हा वाद पानाच्या टपरीपर्यंत आला. पण 'मूळ' ही कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले आणि गाणे असे एका आवाजात कायमचे बांधले जाऊ लागले. त्याआधी चीज उस्तादाकडून शागिर्दाकडे जात असे आणि जाताना थोडी बदलत असे. पहिल्यांदा कोणी गायली हे कोणी विचारत नसे. आज कशी गायली हे विचारीत. म्हणून मागाहूनचे गाणे मूळ गाण्याच्या पुढे जाऊ शकते का, हा प्रश्न नाशिकच्या या धुनेला विचारून पाहावा असे मला वाटते.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली आणि शिक्षणाची वाट गाण्याकडे वळली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले. बाळकृष्णबुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी, आणि वासुदेवबुवांची तालीम ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ यांच्या घराण्यातली. म्हणजे पलुस्करांच्या गळ्यात जे होते त्याची मुळे एका मुसलमान घराण्यात होती. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईत. कुलीन घरांतल्या मुलामुलींनी उघडपणे गाणे शिकावे, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती. पुढे विद्यालयाच्या इमारतीचे कर्ज अंगावर आले, मुंबईचा संसार मोडला आणि हा माणूस नाशिकला आला. पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम उभारला. आयुष्याची शेवटची वर्षे रामनाम, तुलसीदासांचे रामायण आणि शिष्य यांतच गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांचे निधन झाले.

रामधुनेचे शब्द पलुस्करांचे नव्हेत. ते त्यांच्या कितीतरी आधीचे. कोणी ते लक्ष्मणाचार्यांच्या 'नामरामायणा'शी जोडतात. पलुस्करांच्या नावावर सांगितली जाते ती चाल, मिश्र गारा रागातली. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणायला जातो तेही एक पुनर्गायनच निघते.

आता एक गोष्ट आपण मोकळेपणाने बोलली पाहिजे. खयालाच्या बंदिशींतले शृंगाराचे शब्द पलुस्करांना खटकत. शाळेतल्या मुलींना ते कसे शिकवायचे? म्हणून त्यांनी पुष्कळ बंदिशींचे शब्द बदलून तिथे भक्तीचे शब्द घातले. राग तोच, ताल तोच, शब्द नवे. गाणे घराघरांत गेले ते या मार्गाने, हे त्यांचे उपकार आहेत. पण जानकी बखले यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की या प्रयत्नात संगीताला हिंदू भक्तीचा पेहराव चढला आणि ज्या उस्तादांनी ही विद्या सांभाळली ते हळूहळू कडेला गेले. गाण्याला नवे अंगण मिळाले, पण त्या अंगणात जुन्या धन्याला बसायला जागा उरली नाही. मागाहूनचे गाणे असेही असू शकते. ते पसरते खूप, पण कुणाला तरी बाहेर ठेवून.

१९३० साल हे या धुनेच्या आयुष्यातले मोठे साल. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले. बरोबरच्या सत्याग्रहींत पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. आश्रमात संगीत शिकवणारे आणि 'आश्रम भजनावली' सिद्ध करणारे तेच हे खरे. रामधून या यात्रेबरोबर चालली आणि देशभर पोचली. गवयाच्या मैफलीतली नव्हे, चालत्या पावलांची धून म्हणून.

त्याच महिन्यात नाशकात काय चालले होते? दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित स्त्री-पुरुष काळाराम मंदिराकडे निघाले. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेकही झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, दार उघडले नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पंचवटीतल्या आश्रमात रामनामाचा आधार होता, आणि त्याच पंचवटीत रामाच्या दारात माणसे अडवली जात होती. पतितांना पावन करणाऱ्या देवाची धून देश गात असताना ज्यांना पतित ठरवले तेच बाहेर उभे होते. एखादे गाणे किती गोड आहे, याने त्याच्या अंगणात कुणाला जागा आहे हे ठरत नाही. हे नाशिकने जितके जवळून पाहिले तितके क्वचितच कुणी पाहिले असेल.

आणि आपले काय? १९२३ साली काकीनाड्याला काँग्रेसचे अधिवेशन होते, अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली. पलुस्कर 'वंदे मातरम्' गायला उभे राहिले तेव्हा मौलानांनी संगीताला हरकत घेतली आणि पलुस्करांनी न थांबता गाणे पूर्ण केले, असा प्रसंग सांगतात. दोन्ही माणसे आपापल्या श्रद्धेला धरून होती. पण अधिवेशनात एक भेग पडली ती पडलीच. पुढे १९३७ साली काँग्रेसने त्या गीताची पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरवले. वाद मिटवण्याची ती एक रीत झाली: जे टोचते ते वगळायचे. रामधुनेच्या बाबतीत दुसरी रीत वापरली गेली: जे नाही ते जोडायचे.

ही जोड नेमकी केव्हा पडली याबद्दल मनुबेन गांधींची नोंद महत्त्वाची आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये नोआखालीत हिंदूंच्या कत्तली झाल्या. नोव्हेंबरात गांधीजी तिथे गेले आणि जानेवारी १९४७ पासून गावोगाव अनवाणी फिरले. त्या महिन्यात एका प्रार्थनासभेत मनुबेनने रामधुनेत ईश्वर-अल्लाह ही जोड गायली. लहानपणी पोरबंदरच्या एका मंदिरात ती ऐकली होती, असे तिने सांगितले आहे. गांधीजींना ती फार आवडली आणि पुढे ती रोजची झाली. जरा थांबून हे पाहा. जोड आली ती एका मंदिरातून, आणली एका कोवळ्या मुलीने, आणि गायली गेली मुसलमानबहुल मुलखात, मुसलमानांच्या हातून अत्याचार झालेल्या हिंदूंच्या डोळ्यांदेखत. गवयाच्या रियाजातून ती आलेली नाही, वेदनेतून आलेली आहे.

ती सगळ्यांनी आनंदाने स्वीकारली असेही नाही. नोआखालीत रामधून सुरू झाली की काही मुसलमान उठून जात. अल्लाहचे नाव असे दुसऱ्या नावाला जोडणे त्यांना रुचत नसे. त्याच वर्षी दिल्लीच्या प्रार्थनासभेत कुराणातल्या आयती म्हटल्या जाताच हिंदू श्रोत्यांतून हरकत येई. त्यांतले कित्येक जण पंजाबात सर्वस्व गमावून आलेले होते. म्हणजे ही जोड दोन्ही बाजूंना टोचली. जे दोघांनाही थोडेथोडे टोचते त्यात काहीतरी खरे असण्याचा संभव असतो, असे माझे मत आहे. अकीद्याच्या दृष्टीने ज्यांना ही ओळ म्हणता येत नाही त्यांना मी दोष देत नाही. पण बोलावणे आले होते, हे तरी आपण विसरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुरांच्या हिशेबाने पाहिले तर उत्तर सोपे आहे. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे होते आणि १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते स्वतः गेले. 'बैजू बावरा' (१९५२) मध्ये नौशादसाहेबांनी त्यांना उस्ताद अमीर खाँसाहेबांसमोर गायला बसवले होते, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. अशा गळ्यातले रामनाम एकीकडे, आणि आमच्या शाळेतला शंभर पोरांचा बेसूर कल्ला दुसरीकडे. तुलना करणे हाच गुन्हा. गाणे म्हणून मूळ परंपरा श्रेष्ठ, यात शंका नाही.

पण गाणे फक्त सुरांचे नसते. पलुस्करांनी बंदिशींशी जे केले तेच लोकांनी पलुस्करांच्या धुनेशी केले: चाल ठेवली, शब्द बदलले. फरक इतकाच, की पहिल्या बदलाने काही माणसे कडेला गेली आणि दुसऱ्या बदलाने कडेची माणसे आत आली. मागाहूनचे गाणे मूळ गाण्याच्या पुढे जाते ते गळ्याच्या जोरावर क्वचितच. मुळात ज्याला जागा नव्हती त्याच्यासाठी ते जागा करते तेव्हा पुढे जाते. या अर्थाने ही धून आपल्या मुळाच्या पुढे गेली. अमेरिकेच्या पीट सीगर यांनी तीच गायली, हिंदी सिनेमाने पुनःपुन्हा घेतली, आणि नाशकातल्या एका मोहल्ल्यातल्या पोराला ती आपली वाटली.

मात्र पुढे जाणाऱ्याने मागचे देणे विसरू नये. 'मुगल-ए-आझम'मधले (१९६०) 'मोहे पनघट पे' हे गाणेही गारा रागातच आहे. ते मुळात गुजराती रंगभूमीवर १९२० च्या सुमारास रघुनाथ ब्रह्मभट्ट यांनी लिहिलेले. चित्रपटाने ते जगभर नेले, पण मूळ कवीचे नाव पडद्यावर आले नाही. तो सिनेमा आपल्या सर्वांचा लाडका. तरी ही चूक ती चूकच. माझ्या दादीला मी "गांधीजींचं" असे सांगितले, ती माझीही तीच चूक होती. जुन्या बंदिशी म्हणताना हद्दू-हस्सू खाँ आठवावेत, असे आपण हक्काने सांगतो. मग रामधून म्हणताना पंचवटीतल्या त्या अधू डोळ्यांच्या गवयाची आठवण काढणे हेही आपले काम आहे.

हे सगळे आज लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. २५ डिसेंबर २०२४ रोजी पाटण्यात, बापूंच्याच नावाच्या सभागृहात, एका लोकगायिकेने ही धून म्हटली. ईश्वर-अल्लाहची ओळ येताच सभेत गोंधळ झाला आणि तिला माफी मागावी लागली. मूळ भजनात ही ओळ नाही, असे म्हणणारे बरेच निघाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मुळात नाही म्हणून ती परकी, हा निष्कर्ष मात्र खोटा. मुळात तर पलुस्करांची चालही नव्हती. मुळात काळारामाचे दारही सर्वांना उघडे नव्हते. जे मुळात नव्हते आणि माणसांनी कष्टाने मिळवले, त्यालाच आपण इतिहास म्हणतो.

आज पंचवटीतून पूल ओलांडून जुन्या नाशकात यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. एका काठावर आश्रम, दुसऱ्या काठावर आमची शाळा. धून एका काठावरून निघाली आणि दुसऱ्या काठावर पोचायला तिला साबरमती, दांडी, नोआखाली, दिल्ली असा सगळा देश फिरून यावे लागले. वाटेत तिला एक ओळ मिळाली. दादी आज असती तर तिला सांगितले असते: चाल नदीपलीकडच्या बुवांची आहे, शब्द कुणा जुन्या भक्ताचे आहेत, आणि एक ओळ आपल्याला बोलावण्यासाठी मागाहून घातलेली आहे.