वजनाला वजन

अंबरनाथच्या शिवमंदिरात गाभाऱ्याकडे जाताना पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं हे देऊळ वालधुनीच्या काठी उभं आहे ते काळ्या दगडाच्या चिऱ्यांवर. चिऱ्यात चिरा अडकलेला आणि वरच्या दगडाच्या भाराने खालचा जागच्या जागी दाबलेला. एवढे दगड उचलायला तेव्हा दोर, ओंडके, बैल आणि माणसांचे खांदे यांखेरीज फार काही नसणार.

पुढची कित्येक शतकं या परिसरात ओझं असंच हललं. १८५६ साली आगगाडी कल्याणहून खोपोलीपर्यंत गेली, पण वाघिणीतला माल उतरायचा तो माणसाच्या डोक्यावरूनच. १९२३ साली स्थापन झालेल्या विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना अंबरनाथला आला. काडी हलकी खरी; ती ज्यातून निघते ते ओंडके हलके नव्हते. माथ्यावर ओझं वाहणारा तो ‘माथाडी’. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. म्हणजे डोक्यावरच्या ओझ्याला कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा ते ओझं उचलणारं यंत्र राज्यात येऊनही पोचलं होतं: विक्रोळीत गोदरेज साठच्या दशकातच फोर्कलिफ्ट बनवू लागली होती.

या यंत्राचा पूर्वज अमेरिकेतला. मिशिगनमधल्या बुकॅनन गावी क्लार्क कंपनीने १९१७ साली स्वतःच्याच कारखान्यात माल हलवायला एक गाडी बनवली. पाहायला येणारे ‘आम्हालाही द्या’ म्हणू लागले आणि धंदा सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रसद हलवताना फोर्कलिफ्ट आणि पॅलेट ही जोडी पक्की झाली.  

पण फोर्कलिफ्टला नुसता माल असून भागत नाही, तिला जमीन लागते. ती मिळाली एमआयडीसीमुळे, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामुळे. १९६२ साली हे महामंडळ स्थापन झालं, अंबरनाथ-बदलापूरकडे आखीव वसाहती उभ्या राहिल्या, बदलापूरजवळच्या बारवी धरणाचं पाणी आलं आणि शेडमध्ये काँक्रीटची फरशी आली.

फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा तराजू. पुढचा आस हा त्याचा काटा, फोर्कवरचा माल हे एक पारडं आणि मागचं वजन हे दुसरं. माल उचलला की एकूण भारातला ऐंशी-नव्वद टक्के भार पुढच्या दोन टायरांवर येतो. शिवाय बहुतेक फोर्कलिफ्टना मोटारीसारख्या स्प्रिंगा नसतात. जे काय धक्के खायचे ते टायरने खायचे. म्हणून टायर निवडताना आधी किमतीकडे पाहणारा मालक चुकतो. आधी फरशीकडे पाहावं. गुळगुळीत शेडमध्ये लोखंडी कड्यावर दाबून बसवलेला रबरी टायर उत्तम, पण जुलैत तीच गाडी आवारातल्या चिखलात उतरली की रुतते. खड्ड्यांच्या आवारात हवेचा टायर गाडीला सांभाळतो. मात्र जिथे पत्र्याचे तुकडे आणि खिळे पडलेले, तिथे भरीव, म्हणजे सॉलिड टायरच हवा. औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत फरशीवर काळे ओरखडे चालत नाहीत, तिथे पांढुरका नॉन-मार्किंग टायर लावतात. सॉलिड टायरच्या कडेला झिजेची रेघ कोरलेली असते. रबर तिथवर उतरलं की टायर बदलायचा. ‘अजून महिनाभर चालेल’ हे वाक्य पुढे बेअरिंगच्या बिलात वसूल होतं.

१९५८ साली इथे स्थापन झालेल्या, इतालवी मुळाच्या सिएटने भांडुपला टायर बनवायला घेतले. त्याच सिएटचा शेती आणि अवजड यंत्रांच्या टायरांचा कारखाना आज अंबरनाथमध्ये आहे.

बॅटरीची गोष्ट आणखी गमतीची. फ्रान्समध्ये गास्ताँ प्लान्तेने १८५९ साली शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी बनवली. तिचा जडपणा हा तिचा मोठा दोष मानला गेला, आणि मोटारीच्या बाबतीत तो होताही. फोर्कलिफ्टमध्ये मात्र तोच गुण ठरला. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल जोडून ४८ व्होल्टची बॅटरी होते. तिचं वजन टनाच्या घरात जातं आणि ते मागच्या पारड्यात मोजलं जातं. गाडीच्या पाटीवर बॅटरीचं किमान वजन लिहिलेलं असतं ते म्हणूनच.

तिची निगा घड्याळाच्या शिस्तीची: आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होणं. पाणी घालायचं ते चार्जिंग झाल्यावर, आणि डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. आधीच काठोकाठ भरलं, तर चार्जिंगच्या वेळी आम्ल उतू जातं. आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा आकडा १.२८च्या आसपास दिसावा. वीस टक्क्यांच्या खाली बॅटरी उतरू देऊ नये. चार्जिंगची खोली हवेशीर हवी, कारण सेलमधून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. एवढं पाळलं तर साधारण दीड हजार वेळा चार्ज होऊन ती निवृत्त होते, आणि मोडीतही किलोवरच विकली जाते.

आता लिथियम आलं आहे. पाणी घालायला नको, थंड व्हायला थांबायला नको, जेवणाच्या सुट्टीतही चार्ज करता येतं. फक्त ती बॅटरी फार हलकी. मग तराजू सांभाळण्यासाठी तिच्या पेटीत लोखंडाचे ठोकळे भरून वजन वाढवावं लागतं.