फीलर गेज नव्हे, दाढीचे पाते

खोपोलीचा शिळफाटा म्हणजे बोरघाटाचा पायथा. घाटात १८३० साली गाडीरस्ता खुला झाला. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट गाड्या तो चढू लागल्या आणि इंजिनांची दुखणी चढणीवर उघडी पडली. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांची (मेकॅनिकांच्या भाषेत ‘प्लॅटिनम’, प्रत्यक्षात टंगस्टन) फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर लागे. पॉइंटाची टाच झिजली की फट मिटत जाई, ठिणगी उशिरा पडे, गाडी ओढेनाशी होई. ही फट मोजायला फीलर गेज घरोघरी कुठले? दाढीचे पाते मात्र होते. त्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर, चार पाती एकत्र धरली की माप तयार. पात्यावरचे तेल आधी पुसावे लागे, नाहीतर पॉइंट जळत.