घोड्याचं मनगट

मार्च 1826. तिरुवैयारूच्या घाटाच्या पायऱ्या उतरून तुम्ही कावेरीच्या वाळूत उभे आहात. मेट्टूरचं धरण व्हायला अजून शंभरेक वर्षं आहेत. उन्हाळा लागला की नदी अशीच आटते, रुंद वाळवंट आणि मधून दोन-तीन बारीक धारा. मागे पंचनदेश्वराच्या गोपुरावर ऊन चढतंय, आणि काठावरच्या कल्याण महालातून चक्क मराठी ऐकू येतंय. तंजावरच्या गादीवर भोसले आहेत.

इतक्यात गल्लीतून तंबोरा वाजतो. संतगायक त्यागराज उंछवृत्तीला निघालेत. वय 58. रामाला आळवत दारोदार फिरायचं, झोळीत पडतील तेवढ्या तांदळावर दिवस काढायचा. त्यांचा आवाज वरच्या षड्जावर टेकतो आणि तुमच्या अंगावर सर्रकन काटा येतो.

तुमच्या दंडावरचा तो काटा जरा जवळून बघा. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू आहे आणि तो आत्ता आकसलाय. मांजराच्या अंगावर हाच स्नायू आकसला की केस फुलतात, ऊब धरून ठेवतात, मांजर आहे त्याहून मोठं दिसतं. तुमच्या अंगावर फुलवायला लोकर उरलेली नाही. स्नायू मात्र नेमानं काम करतोच आहे.

आणि तो गाणारा गळा! स्वरयंत्र हलवणारा डाव्या बाजूचा मज्जातंतू मेंदूच्या तळातून निघतो. तिथून स्वरयंत्र वीतभरही लांब नाही. पण तो त्याला ओलांडून खाली छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीखालून वळतो आणि पुन्हा वर गळ्यात येतो. शेजारच्या घरी जायला गावाला वळसा घालावा तसं. माशात हाच तंतू मेंदूतून कल्ल्यांकडे रक्तवाहिनीच्या मागून सरळ जातो, तिथे वळसा नाहीच. पुढे चार पायांच्या प्राण्यांना मान आली, हृदय खाली छातीत सरकलं, आणि रक्तवाहिनीत अडकलेला तंतू तिच्याबरोबर ओढला गेला. जिराफात हा वळसा कित्येक फुटांचा होतो. तिरुवैयारूच्या गल्लीतल्या प्रत्येक तानेमागे कल्ल्यांच्या काळातली ही वाट आहे, आणि मला ती थक्क करणारी गोष्ट वाटते.

घाटावर पागेचा एक घोडा पाण्यावर आणलाय. तुम्ही बिचकताय हे बघून मोतद्दार म्हणतो, "या हो, गरीब आहे जनावर. धरा पाय, काही करत नाही."

पुढचा पाय वरपासून चाचपत या. घोड्याचं कोपर छातीला जवळजवळ चिकटून आहे. त्याखाली लांब हाड, मग तो सांधा, ज्याला मोतद्दार गुडघा म्हणतो. गुडघा नव्हे तो, मनगट आहे. तुमच्या मनगटात असतात तशीच छोटी छोटी हाडं त्यात एकमेकांना खेटून बसलीत. त्याखालची सरळ नळी म्हणजे तळहाताचं मधलं हाड. आता त्या नळीच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. पातळ त्वचेखाली दोन निमुळती हाडं लागतील, खाली येता येता बारीक होत मध्येच संपणारी. त्यांना खूर नाही, आणि जमिनीला ती टेकतही नाहीत. शेजारच्या दोन बोटांचे हे अवशेष. आणि खूर? मधल्या बोटाचं नख. समोरचं हे धिप्पाड जनावर एकेका बोटाच्या टोकावर उभं आहे.

धावण्यासाठीच पाय घडवायचा तर त्यात मनगट कशाला आणि ही अर्धी बोटं कशाला? सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या घोड्यांच्या छोट्या पूर्वजांना पुढच्या पायाला चार बोटं होती, हे कळलं की उत्तर मिळतं. पण 1826 साली ते जीवाश्म कोणी ओळखलेले नाहीत. तुम्ही नुसता प्रश्न हातात धरून उभे आहात.

तसंच चला तंजावरला. दक्षिणेला चारेक कोस, वाटेत कुडमुरुट्टी, वेट्टार, वेण्णार, वडवार, एकामागून एक नदी. राजवाड्यात नुकतेच बिशप हेबर येऊन गेलेत. आपण एका हिंदू राजाच्या सहवासात राहिलो, आणि तो लाव्हाझिए, लिनिअस, ब्यूफाँ या युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो, असं ते लिहून ठेवतात. हे सरफोजी महाराज. मोडीतल्या कागदांशेजारी त्यांच्याकडे युरोपातली पुस्तकं आहेत, धन्वंतरी महालात डोळ्यांवर उपचार चालतात आणि रोग्यांची चित्रांसह नोंद होते.

त्यांच्या संग्रहातली एक चित्रमाला उघडा. ती आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. शार्ल ल ब्रँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारानं माणसांचे चेहरे जनावरांच्या चेहऱ्यांशेजारी मांडलेत. घुबडासारखा माणूस, उंटासारखा माणूस, बैलासारखा माणूस. साम्य इतकं बेमालूम की नजर हटत नाही. पण त्यातून नातं कळत नाही. हे साम्य कातडीवरचं आहे, तेही चित्रकारानं हवं तसं ओढून आणलेलं.

ज्या ब्यूफाँचे दाखले महाराज देतात, त्यानं 1753 सालीच कातडीखाली पाहिलं होतं. घोड्याचा पाय माणसाच्या हातापेक्षा केवढा वेगळा, तरी आत हाडं त्याच जातीची, हे त्यानं नोंदवलं. सगळे प्राणी एकाच कुळातले असतील का, हा विचार त्यानं मांडला आणि लगेच धर्मग्रंथाचा आधार घेऊन मागेही घेतला. तो विचार पुन्हा उचलून धरणारा मुलगा या घडीला एडिंबरात वैद्यकी शिकतोय, सतरा वर्षांचा आहे, नाव डार्विन. 7 मार्च 1832 ला सरफोजी वारले, तेव्हा डार्विन बीगल जहाजावरून ब्राझीलच्या बाहियाला पोचला होता. 1859 च्या ग्रंथात त्यानं माणसाचा हात, घोड्याचा पाय आणि शिंशुकाचं वल्हं एका ओळीत आणून बसवलं.

आता तिरुवैयारूहून उत्तरेला, कोळ्ळिडम ओलांडून अरियलूरकडे, आणि दहा कोटी वर्षं मागे. तुम्ही पाण्यात आहात. इथे समुद्र आहे. ज्या चुनखडीवर पुढे सिमेंटचे कारखाने चालणार, ती या आणि यानंतरच्या समुद्रांच्या तळाशी साचायची आहे. गुंडाळलेल्या शंखांचे अमोनाइट शेजारून तरंगत जातात. मग एक गुळगुळीत, लांब चोचीचा मोठा प्राणी येतो आणि तुम्ही म्हणता, डॉल्फिन!

ल ब्रँच्या चित्रांसारखीच ही फसगत आहे. शेपूट बघा, उभं आहे आणि डावी-उजवीकडे हलतंय. हा इक्थिओसॉर, पाण्यात परतलेला सरपटणारा प्राणी. त्याच्या या भागातल्या मणक्यांचं वर्णन जीवाश्मांचा अभ्यासक लायडेकर यानं 1879 साली करून ठेवलंय. डॉल्फिनचं आणि देवमाशाचं शेपूट आडवं असतं, वर-खाली हलतं, कारण त्यांचा कणा सस्तनांचा आहे. चौखूर उधळलेल्या घोड्याची पाठही अशीच वर-खाली होते. या समुद्रात कितीही शोधा, देवमासा सापडणार नाही. त्याचे पूर्वज पाण्यात उतरायलाच पाच कोटींहून अधिक वर्षं आहेत.

त्यांच्या चुलत भावंडांना भेटायचं तर सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीच्या जम्मूत चला. कालाकोटजवळ मांजराएवढा, बारीक खुरांचा इंडोहायस पाण्यात पाय टाकतोय. भूवैज्ञानिक ए. रंगाराव यांनी गोळा केलेल्या दगडांतून त्याची कवटी मोकळी करताना ती फुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्या हाडाची आतली भिंत जाड होती, आणि तशी फक्त देवमाशांचीच असते. जीवाश्मांचे अभ्यासक हान्स थेविसन यांनी हे 2007 साली प्रसिद्ध केलं. पुढे काही दशलक्ष वर्षांनी कच्छच्या किनाऱ्यावर चार पायांचे देवमासे वावरताना दिसतात. त्यांची हाडं अशोक साहनी आणि मिश्रा यांनी 1970 च्या दशकात अभ्यासली.

तिथून थेट 1955. तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर देवमासा लागतो. 92 फूट लांबीची नोंद आहे. त्याचा सांगाडा तंजावरच्या त्याच राजवाड्यात ठेवलाय. एवढे लांब फक्त झालरीनं गाळून खाणारे, बिनदाताचे देवमासे असतात. त्यांच्या वल्ह्यात खांदा, कोपर, मनगट, बोटं सगळं असतं. मागे मांसात कटीची दोन सुटी हाडं असतात, पाय मात्र नाहीत. ती हाडं निरुपयोगी नाहीत, प्रजननाच्या इंद्रियांचे स्नायू त्यांना धरून असतात. पण चार पायांचे पूर्वज मानले नाहीत, तर कटीचीच हाडं तिथे का, हे सांगता येत नाही. गर्भात असताना या देवमाशांना दातांचे अंकुर फुटतात आणि जन्मापूर्वीच विरून जातात. दातावरचं कवच घडवणारी त्यांची जनुकं अजून पेशींत आहेत, पण बिघडलेली, बंद पडलेली. आणि सगळी जनुकं जुळवून पाहिली की जिवंत प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातेवाईक निघतो पाणघोडा.

तुम्ही आता आजच्या तंजावरात, त्या सांगाड्यासमोर आहात. माझा एक हट्ट आहे. त्याच्या शेजारी घोड्याच्या पुढच्या पायाची हाडं मांडावीत, मनगटासकट. ल ब्रँच्या चित्रांची प्रत भिंतीवर लावावी आणि अरियलूरच्या खाणीतला एक अमोनाइट खाली ठेवावा. ब्यूफाँ वाचणाऱ्या राजाच्या घरात आलेल्या शाळकरी पोरांना हे सगळं एका खोलीत, बोटानं चाचपून पाहता आलं पाहिजे.