काचेच्या घरातला माणूस

१९८४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ‘आइसमन’ नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखात खनिजे शोधणाऱ्या एका कंपनीच्या माणसांना चाळीस हजार वर्षांपूर्वी गोठलेला निअँडरथल मानव सापडतो. बर्फाचा ठोकळा हेलिकॉप्टरला टांगून संशोधन केंद्रात आणला जातो. डॉक्टर जमतात ते त्याची चिरफाड करण्यासाठी, आणि तो जिवंत होतो. डोळे उघडताच त्याला दिसतात फक्त मास्क बांधलेली तोंडे. तो भेदरतो. तेव्हा शेफर्ड नावाचा तरुण मानववंशशास्त्रज्ञ आपला मास्क खाली ओढतो आणि दाढीवाला, ओळखीचा वाटावा असा माणसाचा चेहरा पाहून तो थोडा निवळतो. माझ्या मते सबंध चित्रपट या एका प्रसंगात आहे.

यातले विज्ञान लंगडे आहे, हे आधीच सांगून टाकू. पेशींतले पाणी गोठले की बर्फाचे स्फटिक त्यांची नासधूस करतात. उत्तर अमेरिकेतले काही बेडूक हिवाळ्यात गोठूनही वसंतात उड्या मारू लागतात, कारण त्यांचे शरीर ग्लुकोज किंवा ग्लिसरॉल तयार करून पेशींना सांभाळते. माणसाला ही सोय नाही. शिवाय निअँडरथल युरोपात आणि पश्चिम व मध्य आशियात राहिले. अमेरिका खंडात त्यांचा मागमूस नाही.

तरीही हा चित्रपट मला इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावा असा वाटतो. दिग्दर्शक फ्रेड स्केप्सी ऑस्ट्रेलियन. १९७८ मध्ये त्याने ‘द चँट ऑफ जिमी ब्लॅकस्मिथ’ हा चित्रपट केला होता. गोऱ्यांच्या जगात मान मिळवू पाहणाऱ्या आणि शेवटी हत्याकांडापर्यंत ढकलल्या गेलेल्या आदिवासी तरुणाची ती कथा. असा दिग्दर्शक गोठलेल्या माणसाची गोष्ट हाती घेतो तेव्हा ‘हा जगला कसा’ यापेक्षा ‘हा आता कोणाच्या ताब्यात’ हा प्रश्न वर येणारच. शास्त्रज्ञ त्याचे नाव ‘चार्ली’ ठेवतात. बंदिस्त कृत्रिम रानात त्याला सोडतात आणि दडून निरीक्षण करतात. काहींना त्याच्या शरीरातले न गोठण्याचे रहस्य हवे आहे, त्यासाठी तो मेला तरी चालेल. शेफर्डला त्याच्याशी बोलायचे आहे. जॉन लोन या हाँगकाँगच्या नटाने, चिनी संगीतनाट्यात घडलेल्या अंगाने, चार्ली असा उभा केला आहे की प्रेक्षक नमुन्याकडे नव्हे, माणसाकडे पाहतो.

चार्ली कल्पित आहे. काचेचे ते घर मात्र कल्पित नाही.

२९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी एक उपाशी, थकलेला माणूस सापडला. त्याची भाषा कोणालाच कळेना. काय करावे हे न सुचून शेरीफने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवले. बातमी वाचून विद्यापीठातला टी. टी. वॉटरमन हा मानववंशशास्त्रज्ञ तेथे आला. त्याच्याजवळ याना भाषेतल्या शब्दांची यादी होती. तो एकेक शब्द वाचत गेला. समोरचा माणूस ढिम्म. शेवटी पाइनच्या लाकडाला असलेला शब्द त्याने उच्चारला आणि खाटेच्या लाकडी चौकटीवर हात ठेवला. त्या माणसाचा चेहरा उजळला.

तो याही जमातीचा शेवटचा माणूस होता. सोन्याच्या लोभाने कॅलिफोर्नियात शिरलेल्या वसाहतवाल्यांनी ही जमात कापून काढली होती. उरलेले मूठभर लोक डीअर क्रीकच्या दऱ्यांत चाळीसेक वर्षे लपून राहिले. १९०८ मध्ये मोजणी करणाऱ्या लोकांना त्यांचा तळ सापडला. त्यांनी तिथली भांडीकुंडी, हत्यारे, पांघरुणे उचलून नेली. चालता न येणारी म्हातारी आई मागे होती. त्यानंतर हा माणूस एकटा उरला.

याही लोकांत स्वतःचे नाव परक्याला सांगत नसत. म्हणून आल्फ्रेड क्रोबर या नामवंत अभ्यासकाने त्याला ‘इशी’ म्हटले. याना भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’, इतकाच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात इशी राहू लागला. रविवारी लोक येत आणि तो त्यांना बाणाची टोके घडवून, लाकडावर लाकूड घासून विस्तव करून दाखवी. मेणाच्या नळ्यांवर त्याच्या कथा-गाणी ध्वनिमुद्रित झाली.

इथे घाईने निवाडा देऊ नये. क्रोबर आणि वॉटरमन दुष्ट नव्हते. संग्रहालयात त्याला मदतनिसाचे काम आणि पगार होता. डॉक्टर सॅक्स्टन पोप याच्याशी त्याची मैत्री झाली. पोपने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली. परत जायचे का, असे विचारल्यावर इशीने संग्रहालयातच राहणे पसंत केले. पण ज्याच्या मागे कोणीच उरले नाही त्याच्या पसंतीला पसंती म्हणायचे का? १९१५ च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने त्याच्याबरोबर आठवडेच्या आठवडे काम केले. इशी तेव्हाच खंगत चालला होता. २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने तो गेला.

क्रोबर त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होता. शवविच्छेदन करू नका, असे त्याने निक्षून पत्र लिहिले. पत्र पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. मेंदू काढून ठेवून बाकीच्या देहाचे दहन झाले. आणि पुढच्याच वर्षी त्याच क्रोबरने तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवून दिला.

क्रोबरला हा अनुभव नवा नव्हता. १८९७ मध्ये रॉबर्ट पिअरी या ध्रुवसंशोधकाने ग्रीनलंडमधून सहा इनुइट माणसे न्यूयॉर्कला आणली आणि अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या तळघरात ठेवली. फ्रांत्स बोआसचा विद्यार्थी म्हणून तरुण क्रोबरने त्यांच्याकडूनच इनुइट जीवनाची माहिती गोळा केली होती. चौघे काही महिन्यांत मेले. त्यांतल्या किसुकच्या लहान मुलासाठी, मिनिकसाठी, संग्रहालयाने अंत्यविधीचे नाटक केले: कापडात गुंडाळलेला लाकडाचा ओंडका पुरला. किसुकचा सांगाडा संग्रहालयातच राहिला. मिनिकला हे पुढे मोठेपणी कळले. बापाची हाडे मागत तो हिंडला. ती न मिळताच १९१८ च्या इन्फ्लुएंझात वारला. हाडे ग्रीनलंडला पोहोचली १९९३ मध्ये.

चित्रपटाची आणि या दोन कहाण्यांची उसनवारी शोधण्यात मला रस नाही. साम्य ताब्याचे आहे. चार्लीला हेलिकॉप्टर म्हणजे देवाचा पक्षी वाटतो. शेवटी शेफर्ड त्याला बाहेर काढतो. तो हेलिकॉप्टरला लटकून वर जातो आणि हात सोडून देतो, आनंदाने. दृश्य सुंदर आहे, पण फार सोयीचे आहे. चार्ली स्वतःच आकाशात निघून गेल्यावर त्याचे शरीर कोणाचे, हा वाद मिटतो आणि शास्त्रज्ञांना कसलाही हिशेब द्यावा लागत नाही.

निअँडरथल ‘आपला’ की ‘नमुना’, यावर पुढे विज्ञानानेच उत्तर दिले. २०१० मध्ये स्वांते पेबो यांच्या गटाने निअँडरथल जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत सुमारे दोन टक्के वारसा त्यांचा आहे, आपल्यातही. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक जनुकखंड निअँडरथलांकडूनच आलेला आहे आणि दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत तो आढळतो, असे २०२० मध्ये पेबो व ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवले.

इशीचा मेंदू मात्र नमुना म्हणूनच राहिला. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांनी तो मागितला, तेव्हा शोध सुरू झाला. १९९९ मध्ये तो स्मिथसोनियनच्या साठ्यात द्रवात बुडवून ठेवलेला असल्याचे निष्पन्न झाले. २००० साली तो यानांशी नाते सांगणाऱ्या रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींच्या हाती आला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या स्मशानातला अस्थिकलशही त्यांनी सोडवून आणला. दोन्ही एकत्र करून त्यांनी इशीला त्याच्या डोंगरांत पुरले. जागा जाहीर केलेली नाही.