तळटीप : जुन्या ट्रकचे साल
प्रदर्शनात मांडलेल्या जुन्या ट्रकचे वा पिकअपचे साल नंबरप्लेटवरून सांगण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण केजसारख्या गावी ती हमखास फसवते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत केज हैदराबाद राज्यात होते, मग मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. गाडी जागची न हलताही चार वर्षांत तीन राज्ये पाहून झाली. 'एमएच' ही मालिका तर 1 जुलै 1989 पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यानंतरची. जुन्या बोनेटखाली एमएच-44 दिसले, तर त्यातून अंबाजोगाईचे पासिंग तेवढे कळते, गाडीचे वय नव्हे. साक्ष काढावी ती लोखंडाची. टाटा आणि डेम्लर-बेंझ यांचा करार 1954 ते 1969 असा चालला. समोरच्या जाळीवरचा तीन टोकांचा तारा त्याच काळाकडे बोट दाखवतो. जाळी बदलता येते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ताऱ्याला दुजोऱ्यापुरतेच धरावे, आणि चासीवर ठोकलेला क्रमांक कागदपत्रांशी जुळला तरच साल छापावे. केंद्राच्या 2021 च्या नियमांत 'व्हिंटेज' ठरण्याची 50 वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजतात, मग नोंदणीचेच साल का नको, असे कोणी विचारील. नियमाला तारीख हवी असते, इतिहासाला घडण. नुसती चासी कारखान्यातून निघून, तिच्यावर लाकडी बॉडी बांधून पासिंग होईपर्यंत साल सहज उलटून जाई.