महापे परिसरातील रोजगाराचे स्थित्यंतर

महापे हे पारसिक डोंगराच्या पायथ्याशी वसलेले, ठाणे जिल्ह्यातील व आता नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील गाव आहे. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार शेतीतील अतिरिक्त मजूर अधिक वेतनाच्या ओढीने उद्योगांकडे वळतात. महापेसह ठाणे-बेलापूर पट्ट्यात मात्र हा क्रम बव्हंशी उलटा झाला. मनुष्यबळ शेतीतून बाहेर पडण्याआधी जमीनच शेतीतून गेली.

पूर्वस्थिती

या पट्ट्यात प्रामुख्याने आगरी व कोळी समाजांची वस्ती होती. डोंगराकडे पावसाळी भात, तर खाडीकडे बांध घालून राखलेली खारशेती, मिठागरे आणि मासेमारी चाले. भाताचे पीक एकच असल्याने अनेक कुटुंबे वर्षभरात दोन-तीन कामांवर जगत. त्यामुळे केवळ ‘शेतकरी’ हा शब्द त्यांना अपुरा पडतो. लावणी, कापणी व मासळीविक्रीत स्त्रियांचा वाटा मोठा होता.

भूसंपादन

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. पुढे त्याने ठाणे खाडीच्या पूर्वेस औद्योगिक क्षेत्र उभारले. महापे त्यातच येते. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. मोबदला मुख्यतः सातबारावर नाव असलेल्यांना मिळाला. शेतमजूर व मिठागर कामगार यांची उपजीविका जमिनीवरच असली तरी कागदावर ती दिसत नव्हती. मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात पोलीस गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर सिडकोने संपादित केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

नवा रोजगार

रासायनिक व अभियांत्रिकी कारखान्यांना फिटर, टर्नर, यंत्रचालक हवे होते. काही स्थानिकांना कायम नोकरी मिळाली. अनेकांच्या वाट्याला पहारा, हमाली वा कंत्राटी काम आले. ज्यांच्या हाती थोडे भांडवल होते ते वाहतूक, मजूरपुरवठा व बांधकाम साहित्य यांत उतरले. गावठाणातल्या खोल्या परप्रांतीय कामगारांना भाड्याने देणे हा अनेक घरांचा आधार झाला. लावणी-कापणीच्या तोडीचे काम स्त्रियांना कारखान्यांत सहजी मिळाले नाही. या बाजूची नोंद फारशी घेतली गेलेली नाही.

पुढे काही मोठे रासायनिक कारखाने बंद पडले आणि महापे येथे मिलेनियम बिझनेस पार्कसारखी संकुले उभी राहिली. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांसाठी पदवी व इंग्रजी आवश्यक ठरल्याने शिकलेली पुढची पिढीच तेथे पोहोचू शकली.

देशातील श्रमबळ सर्वेक्षणानुसार शेतीवरील रोजगाराचा वाटा २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्क्यांवर गेला. नोकरी सुटल्यावर शेताकडे परतण्याचा हा मार्ग महापेत उरलेला नाही. येथील कुटुंबांचे उरलेले भांडवल म्हणजे बहुधा गावठाणातील घर. वाढत्या कुटुंबांनी ‘गरजेपोटी’ बांधलेली अशी घरे नियमित करण्याची मागणी नवी मुंबईच्या राजकारणात वारंवार होत आली आहे.