मोहाच्या हंगामातली लढाई

ब्रह्मपुरीजवळ वैनगंगेच्या पात्रात उतरा आणि धारेबरोबर दक्षिणेला चालत राहा. चपराळ्याला वर्धा येऊन मिळते, नदीचं नाव प्राणहिता होतं आणि सालही बदलतं. मार्च १८५८.

पहाट आहे. मोह टपटप गळतोय. घरची बायापोरं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकली असतील. तुम्ही मात्र खांद्याला तीरकमठा अडकवून मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाकेंच्या मागे चालला आहात. नागपूरचं राज्य खालसा करून इंग्रजांनी चांदा (आजचं चंद्रपूर) घेतला, त्याला चार वर्षं झाली. त्यांच्याविरुद्ध उठलेल्या बाबूरावांच्या जंगोम सेनेत गोंड, माडिया, रोहिले मिळून पाचेकशे माणसं. कुणी जबरदस्तीने धरून आणलेलं नाही. पगारही नाही. इंग्रजी पलटणीतल्या शिपायाला महिन्याला सात रुपये मिळतात, तुम्हाला वाटेत मिळेल ते.

७ तारखेला चांद्याकडचं राजगड हाती येतं. १३ला नांदगाव-घोसरीला इंग्रजांच्या कॅप्टन क्रिक्टनची फौज मागे हटते. गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून तुम्ही इंग्रजी फौजेवर दगड लोटता. त्या दिवसांत तुमच्या हातांना लढण्यावाचून दुसरं कामच नाही. आणि तुमच्या वाट्याचा मोह तसाच गळून जातो. पावसाळ्यात घरातलं धान संपलं की वाळवलेला मोहच उकडून खायचा असतो. वीरगाथा सांगणाऱ्यांना या हिशेबाची आठवण क्वचितच होते.

२९ एप्रिल. प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या माणसांची छावणी. तुम्ही तिच्यावर तुटून पडता. त्यांच्यातले गार्टलंड आणि हॉल मारले जातात, पीटर निसटतो. ते लढायला आले नव्हते, तारा ओढायला आले होते. पण तार आली की पाठोपाठ पलटण येते, एवढं तुम्हालाही कळतं. त्या रात्री झोप लागते का, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

पुढे बाबूरावांना धरून देण्यासाठी क्रिक्टन अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणतो. सप्टेंबरात ते पकडले जातात.

तुम्ही गावी परतता तेव्हा धान निसवायला आलेलं आहे. मोहाची ढोली रिकामी. घरात कुणी काही विचारत नाही.

२१ ऑक्टोबर १८५८ला चांद्याच्या तुरुंगातल्या पिंपळावर बाबूरावांना फाशी दिलं. दर वर्षी त्या दिवशी चंद्रपूरच्या कारागृहातल्या त्या पिंपळापाशी लोक जमतात. तुम्हीही जा, आणि येताना गढीसुर्ल्याची टेकडी चढून या.